जहाज थांबत नाही

आई सतरा मिनिटं उशिरा आली आणि जहाज तिला सोडून निघून गेलं.

जहाज म्हणजे माझ्या अकॅडमीचं लोखंडी गेट. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं भाड्याचं मैदान आहे. तिथे मी पोरींना पोलीस भरतीसाठी तयार करते. त्या सकाळी मी गेटवर खडूनं 'जहाज' असं लिहिलं होतं. मैदानाच्या टोकाचं टिनाचं शेड म्हणजे गोवा आणि रस्त्यापलीकडची पाण्याची टाकी म्हणजे कोची. आईनं गोव्याला उतरायचं, फिरायचं, माझी शिट्टी ऐकली की परत यायचं आणि गळ्यातलं कार्ड दाखवून गेटातून आत शिरायचं, एवढाच सराव होता. कार्ड मी एका जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून केलं होतं.

आई मैनाबाईला घेऊन रमतगमत आली. मैनाबाई आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. दोघींच्या ओंजळीत भिजवलेले चणे होते.

"जहाज गेलं," मी म्हटलं.

"मंग आता?" आईनं विचारलं.

"आता काय? समुद्रात पोहत जा मांगून. सतरा मिनिटं, आई. जहाजाची कंपनी तुझ्यासाठी सतरा सेकंद थांबणार नाही. कुठं होती तू?"

"शेडात सावली होती. बसलो दोघी. शिट्टी आलीच नाही आयकू."

तिचा डावा कान गेलेला आहे हे मला माहीत होतं. तो कधी गेला, कशानं गेला, तेही माहीत होतं, कारण तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्याच खोलीत होते. तरी मी ओरडले. वीस पोरी वॉर्म-अप थांबवून बघत होत्या आणि मी त्यांच्यासमोर माझ्या एकसष्ट वर्षांच्या आईला दंडाला धरून पुन्हा गोव्याकडे वळवलं. तिच्या ओंजळीतले चणे मातीत सांडले. मैनाबाई ते वेचायला वाकली तर तिलाही मी सांगितलं, मेसमध्ये जा, इथे तमाशा नको.

माझं डोकं गरम आहे. हे मी कधी लपवलं नाही. पोरी मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात, ते मला आवडतं. खरी फौजदारीण व्हायचं होतं, उंची एक सेंटीमीटर कमी भरली. त्या एका सेंटीमीटरचा राग मी आजपर्यंत कोणाकोणावर काढला असेल देव जाणे. पण माझ्या मैदानातून आतापर्यंत एक्केचाळीस पोरी वर्दीत गेल्या आणि त्यांतली एकही लाडागोडीनं गेलेली नाही.

आईला मी आठ महिन्यांपूर्वी अकोल्याहून घेऊन आले. घेऊन आले म्हणजे ओढून आणली. आमचे बाबा, खुशालराव, जिनिंगमध्ये मुकादम होते. तिथे पन्नास माणसं त्यांच्या आवाजाला टरकायची आणि घरी आम्ही. चपलेनं मारायचे, पट्ट्यानं मारायचे, एकदा कुकरच्या झाकणानं मारलं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, मीठ कमी झालं म्हणून, आणि कधीकधी मीठ अगदी बरोबर असतानाही. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं की आई सांगायची, न्हाणीत पडली. आमच्या न्हाणीएवढी निसरडी न्हाणी अख्ख्या जुन्या शहरात नसेल. मागच्या वर्षी त्यांनी तिची दोन बोटं दारात चिरडली, तेव्हा मी गाडी घेऊन गेले, बाबांचा हात पाठीमागे पिरगाळून त्यांना भिंतीला दाबून धरलं आणि आईला म्हटलं, पिशवी भर. तिनं पिशवीत दोन लुगडी आणि देवाची घंटी भरली. त्या दिवसाचा मला फार अभिमान होता.

त्यानंतर सहा महिन्यांत तिनं माझ्याकडे काहीही मागितलं नाही. एके दिवशी मैनाबाईच्या मोबाईलवर दोघी काहीतरी बघत बसल्या होत्या. पांढरंशुभ्र जहाज, त्याच्या गच्चीवर खुर्च्या, सगळीकडे निळं पाणी. आईनं मला हळूच विचारलं, "चंदे, हे आपल्यासारख्याले जमते का?"

मला रडू आलं. मी मैदानावर रडत नाही, म्हणून घरी जाऊन रडले आणि संध्याकाळी भावनाला फोन लावला.

भावना अकोल्याला सहलींचं बुकिंग करते. पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे भरतीला होती. धावण्यात मागे पडायची, पण कागदपत्रांत तिचा हात कोणी धरत नव्हता. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोवा, एक दिवस कोची, मग पुन्हा मुंबई. पाच रात्री. समुद्राकडे उघडणारी खिडकी असलेली दोघींची खोली. भावना स्वतः कागद घेऊन अमरावतीला आली आणि बंदरावर उतरून काय काय बघता येतं त्याची चित्रं तिनं आईसमोर पसरून ठेवली. गोव्यात किल्ला, चर्च, मसाल्यांची बाग. कोचीत मोठमोठी मासेमारीची जाळी, जुना राजवाडा, बोटीतून खाडी.

"मावशी, तुमाले काय आवडते ते सांगा," भावना म्हणाली.

आईनं सगळी चित्रं नीट बघितली. मग विचारलं, "सगळे उतरले म्हंजे जहाजावर कोन रायते?"

"कोनी नाही जास्त. कामवाले रायतात. काही म्हातारी मानसं रायतात."

"मंग तवा तिथं गलबला नसनच."

"आई, तू मधात बोलू नको," मी म्हटलं. "एवढं जाऊन खोलीत बसून राहायचं का? भावना, गोव्यात किल्ला आणि चर्च दोन्ही लाव. कोचीत सकाळी राजवाडा, दुपारी बोट. किती वाजता परत चढायचं?"

"जहाज सहाले सुटते. साडेचारच्या आत चढा लागते. कंपनीच्या बसनं गेलं तं बसले उशीर झाला तरी जहाज थांबते. आपल्या रिक्षानं गेलं तं थांबत नाही."

"आम्ही आपल्या रिक्षानं जाऊ. बसमध्ये मेंढरांसारखं कोण जाईल? मी आहे ना वेळ पाळायला."

भावनानं आईकडे बघितलं. आई चित्रं एकावर एक नीट रचत होती. मी वहीत वेळापत्रक लिहिलं: उतरणे आठ चाळीस, किल्ला नऊ पस्तीस, लघवी दहा दहा. खरंच लिहिलं होतं तसं. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला.

एकच अडचण निघाली. चढताना मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही. आईचं आधार कार्ड अकोल्याला, बाबांच्या कपाटात. ते मोबाईलवर उतरवून घ्यावं तर त्याला जोडलेला नंबर बाबांचा. नवीन मागवलं तर पोस्टानं यायला पंधरा दिवस, आणि आमच्या हातात होते नऊ.

"राहू दे मंग," आई म्हणाली.

"काहून राहू दे? त्यांच्या बापाचं आहे का ते कार्ड?"

"मी नाही येत तिकडे."

"तुला यावं लागेल. तुझी वस्तू तू मागायची. मी नुसती बाजूला उभी राहीन."

हे मी मनापासून म्हटलं होतं. आईनं एकदा त्या माणसासमोर ताठ उभं राहून आपली वस्तू मागावी, असं मला वाटत होतं. तिला वाटत नव्हतं. तिला मी विचारलंच नाही.

रविवारी दुपारी आम्ही अकोल्याला पोचलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत गाडी लावली. बाबा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. अडुसष्ट वय, पण खांदे अजून दारात मावत नव्हते.

आई उंबरठ्यावर थांबली. मी तिला पाठीतून पुढे ढकललं.

"माह्यं आधार कार्ड पाह्यजे," ती जमिनीकडे बघून म्हणाली.

"कायले?"

"जहाजावर जाचं हाय."

बाबा हसले. शेंगांची टरफलं त्यांनी जमिनीवर झटकली. "जहाजावर. घरात धड चालता येत नाही अन् जहाजावर. हे पोट्टी तुले पान्यात ढकलाले नेऊन राहिली, समजलं का? कपाटाची चावी माह्याजवळ हाय. ये, घे."

त्यांनी करगोट्याला बांधलेली चावी दाखवली. आई दोन पावलं पुढे गेली. त्यांनी डाव्या हातानं तिचा अंबाडा पकडला आणि तिचं डोकं खाली, बाजेच्या कडेपर्यंत ओढलं. काही न बोलता, शेंगा फोडल्यासारखं, सवयीनं. आईच्या तोंडातून आवाजही आला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारामागे लाकडी अडसर उभा असतो, तो मी उचलला आणि त्यांच्या मनगटावर हाणला. अंबाडा सुटला. दुसरा फटका गुडघ्यावर बसला, ते बाजेवरून खाली आले. आणि मग मी मोजायला लागले. मैदानावर मोजते तसं, मोठ्यानं. तीन. चार. पाठीवर, मांडीवर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे. पाचव्याला ते "चंदा" म्हणाले. सहाव्याला "बाई" म्हणाले. सातव्याला त्यांनी करगोटा तोडून चावी माझ्याकडे फेकली.

चावी जमिनीवर पडलेली मला दिसली होती. कार्ड आता मिळणार होतं, काम झालं होतं. मी आठ म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. एवढं बरं मला वर्दीतल्या पोरी बघूनही कधी वाटलं नाही. हातातून काहीतरी बाहेर वाहून जात होतं आणि मी हलकी होत होते.

"पुरे," आई म्हणाली. मी नऊ म्हटलं. "चंदे, पुरे झालं, मरतीन ते." मी दहा म्हटलं. अकराव्याला तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि मी तिला झटकलं. जोरात झटकलं. ती कपाटावर जाऊन आदळली, कोपरा कपाळाला लागला आणि भुवईवरून रक्ताची धार निघाली.

"मधात येऊ नको म्हटलं ना," मी ओरडले.

बाबा जमिनीवरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं आणि तोंडावर वेदना होती, पण डोळ्यांत आणखी काहीतरी होतं. मला तेव्हा ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. गोळाफेकीत एखाद्या पोरीनं पहिल्यांदा लांब गोळा टाकला की मी तिच्याकडे जशी बघते, तसं ते बघत होते.

आवाज ऐकून शेजारचे पुंजाजी दारात आले. "काय झालं, खुशालराव?"

"न्हानीत पडलो," बाबा म्हणाले.

मी हसले. पुंजाजींनी आईच्या कपाळाकडे बघितलं, माझ्या हातातल्या अडसराकडे बघितलं आणि ते निघून गेले. त्या गल्लीत असंच निघून जातात. कार्ड घेऊन आम्हीही निघालो.

मूर्तिजापूरपर्यंत आई पदर कपाळाला दाबून बसली होती. तिथे मी चहाला थांबले, मेडिकलमधून पट्टी आणली आणि गाडीतच तिच्या कपाळाला लावली.

"लागलं का गं?"

"नाही."

"मी मुद्दाम नाही केलं. तू मधात आली."

"होय ना," आई म्हणाली. "माह्यंच चुकलं."

मला सुटल्यासारखं वाटलं. चहा तिनं अर्धाच घेतला, पण ते उन्हामुळे असेल. बडनेरा येईपर्यंत मी तिला कोचीच्या बोटीबद्दल सांगत होते. खिडकीतून पाणी कसं दिसेल, केवढे ताटभर पदार्थ असतील, गच्चीवर ती खुर्चीत कशी बसेल. ती मान हलवत होती.

आणि सराव एकदम सुधारला. सोमवारी आई गोव्याहून दोन मिनिटं आधी परत आली. मंगळवारी कोचीहून चार मिनिटं आधी. मी शिट्टी तोंडाला लावायच्या आत ती गेटाजवळ येऊन उभी असायची, गळ्यातलं पुठ्ठ्याचं कार्ड हातात पुढे धरून. एकदा तर मैनाबाईच्या हाकेला ती थांबलीसुद्धा नाही. चणे खाणं बंद झालं. मी पोरींना सांगितलं, बघा, एकसष्टाव्या वर्षी माणूस शिकू शकतं, तुम्हाला काय झालं? पोरींनी टाळ्या वाजवल्या. आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिनं वाजवायचं कारणही नव्हतं.

बुधवारी सकाळी नऊला भावनाचा फोन आला. शुक्रवारी रेल्वे, शनिवारी जहाज. चढण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, त्यातले काही प्रश्न तिला आईलाच विचारायचे होते. मी फोन स्पीकरवर टाकून मेसच्या टेबलावर ठेवला. मैनाबाई आत कणीक मळत होती. आई माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती, कपाळावरची पट्टी आता खपलीएवढी लहान झाली होती.

जन्मतारीख झाली, रक्तदाब झाला, शुगर झाली.

"मावशी, जेवन कोनतं? बिना कांद्याचं, जैन, साधं?"

"साधं."

"बंदरावर उतरायचं तुमचं दोन्हीकडचं लिहिलं हाय. तेच ठेवू ना?"

"नाही," आई म्हणाली. "मले कुठंच उतरायचं नाही."

मी तोंड उघडलं, पण आई थांबली नाही. ती फोनच्या अगदी जवळ वाकली, उजवा कान पुढे करून, एका दमात. शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तशी पाठ करून आलेली वाटत होती.

"अन् भावना, माह्यासंग चंदाचं नाव हाय ते काढून टाक. मैनाबाईचं घाल. मैनाबाईजवळ तिचं कार्ड हाय. बदलता येते का तसं?"

आत कणीक मळायचा आवाज थांबला.

"आज संध्याकाळपर्यंत येते, मावशी. ताई तिथं हाये का?"

"हाये."

"आई, हे काय आहे?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, ते मला ऐकू येत होतं. "मी तुझ्यासाठी मार खाल्ला, मार दिला. तुला त्या नरकातून मी काढलं. पोलीस केस झाली असती तर मी आत गेले असते. आणि मैनाबाई? तुला मोबाईलवर जहाज दाखवणारी मैनाबाई? काहून? मला सांग काहून."

"मले पाच दिवस निवांत बसायचं हाय," आई म्हणाली.

"माझ्याबरोबर निवांत नाही का बसता येत तुला?"

तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतंच. ते माझ्या हातांवर होतं. आधार कार्डासाठी अकोल्याला गेलो तेव्हापासून ते तिथेच होतं, हे मला त्या घडीला समजलं. चार मिनिटं आधी परत येणं म्हणजे काय, चणे बंद होणं म्हणजे काय, 'माह्यंच चुकलं' म्हणजे काय, सगळं एकदम समजलं. मला भावनाला सांगायचं होतं की आई म्हणते तसं कर. एवढंच. चार शब्द. मी फोन उचलायला टेबलावरून हात पुढे केला.

आईनं दोन्ही हात वर करून तोंड झाकलं आणि डोकं खांद्यात ओढून घेतलं.

"ताई?" भावना फोनमधून म्हणाली. "ताई, काय करू?"

मैनाबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"नाव बदल," मी जागेवरूनच म्हटलं. "आणि उतरायचं दोन्हीकडचं काढून टाक."

"ठीक हाय, ताई."

फोन बंद झाला. "झालं, आई," मी म्हटलं, जमेल तेवढ्या हळू आवाजात. तिच्या उजव्या कानाला ऐकू जाईल एवढं. पण तिचे हात काही खाली आले नाहीत.